भोगीचे गोळे

सोलापूर
भोगी, १३ जानेवारी १९३५, दुपार

जावईबापू हिंदुराव यांस मायाप्पाचा रामराम.

पत्र पाहून दचकू नका. तुम्ही म्हणाल, सासऱ्याला आज आमची आठवण कशी झाली. दिवाळीत आपल्या दोघांत जे बोलणं झालं ते झालं. तुम्ही म्हणालात, "माझी मुलगी गाडीवानांच्या अड्ड्यात वाढणार नाही, रथसप्तमीला येऊन घेऊन जाणार." मी म्हणालो, "आमची बनी वारली तेव्हा तान्हं पोर आमच्या पदरात टाकून गेलात, तेव्हा हा अड्डा कसा चालला?" दोघांनीही जीभ जरा आवरायला हवी होती. तुमची हुबळीची रेल्वे कचेरी, नवं बिऱ्हाड, प्रभाबाईंसारखी शिकलेली नवी बायको. मी मेंढरांमागून उठून शहरात आलेला माणूस. स्टेशनातून गिरणीत कापसाच्या गाठी ओढणाऱ्या गाड्या आणि दारात शेणाचा वास, एवढीच माझी दौलत. तुमचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही.

लिहिण्याचं कारण असं. तुमच्या कचेरीतले येडूराव आज गड्ड्याच्या यात्रेला आले होते. गंगाधरपंत डॉक्टरांच्या दारात त्यांनी मला पाहिलं. आपली मालू माझ्या खांद्यावर होती. ते परत येऊन काही सांगतील, आणि सांगणारा पदरचे चार शब्द घालतोच. म्हणून मीच कळवतो. मालूला थोडा ताप आहे. भोगीचं केसांवरून न्हाणं झालं, त्यात गारठा बाधला. डॉक्टरांनी पाहिलं. आता झोपली आहे. छान झोपली आहे. फारच झोपली आहे, खरं तर.

मी उंबऱ्यात बसून लिहितो आहे. माझ्या कानांची तुम्ही थट्टा करायचात, की मामंजी चाकाच्या आखाच्या कुरकुरीवरून गाडी कुणाची ते सांगतात. आत्ता तिचा श्वास ऐकतो आहे. ठीक चालला आहे. मध्येच थांबतो, मग पुन्हा चालतो. लहान पोरांचं असं असतं, नाही का? बनीचं लहानपणी असं होतं की नव्हतं, आठवत नाही. तिच्या आईला, चिमाबाईला विचारलं तर ती नुसती मालूचे तळवे चोळत राहते.

तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका. यात्रेची गर्दी आहे, होटगीला गाडी बदलताना पाय ठेवायला जागा नसते. प्रभाबाईंना आशीर्वाद. अक्षर वाईट आलं आहे, बोटं गारठली आहेत.

मायाप्पा

*

संक्रांत, १४ जानेवारी, सकाळ

हिंदुराव,

कालच्या पत्रातला ताप खोटा आहे. पत्र टपालात गेलं, आता ते माघारी येत नाही. मालूचं अंग गार आहे. घोंगडी घातली, शेगडी ठेवली, तरी हातपाय गारच.

काल सकाळपासून ती जागी झालेली नाही. मध्येच डोळे उघडते, पण बघते ती माझ्या मागच्या भिंतीकडे. मी वळून पाहतो. भिंतीवर काही नसतं. मग एकदम दचकून माझं बोट धरते, इतकं घट्ट की नख रुततं, आणि लगेच सोडून देते. धरते तेव्हा बरं वाटतं. सोडते तेव्हा मी ते पुन्हा तिच्या मुठीत देतो.

काल न्हाणं झाल्यावर ती गोठ्यात होती. मग स्वयंपाकघरात आली ती हसतच. चिमाबाई बाजरीच्या भाकरी थापत होती. म्हणाली, "काय गं, कुनी गुदगुल्या केल्या का काय?" तर आणखी हसू. डोळे लालभडक. दोन पावलं चालली आणि भिंत धरली. म्हणाली, "आज्जे, घर हलतंय." चिमाबाईला वाटलं पोर खेळतंय. तीही म्हणाली, "हलू दे की, पडायचं न्हाय." मग मालूनं भिंत सोडली आणि मटकन खाली बसली. बसली ती आडवी झाली. मी आलो तेव्हा हात उचलून सोडला, तर तो भिजलेल्या घोंगडीसारखा पडला.

तुमच्यापासून लपवण्यात आता अर्थ नाही. तिनं बैलाच्या औषधाचा गोळा खाल्ला आहे. थंडीत बैलानं वैरण सोडली की बाजरीचं पीठ, गूळ, ओवा यांत भांग वाटून गोळा चारतात, हे आमच्या खेड्यात पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. मोगऱ्या नावाचा माझा बैल चार-सहा दिवस दाणा खात नव्हता. त्याच्यासाठी ते गोळे होते. गुंडा गाडीवानानं ते गव्हाणीवर उघडे ठेवले. पोरीला वाटलं, लाडू.

गुंडाला मी साऱ्या अड्ड्यासमोर शिव्या देऊन हाकललं. माझ्याकडे तो आठ-नऊ वर्षं होता. माझ्या तोंडाकडे त्यानं जरा वेळ पाहिलं, "बरं, मालक," म्हणाला, आणि घोंगडी खांद्यावर टाकून आपल्या गावाच्या, मोहोळच्या वाटेला लागला.

पुढचं लिहायला हात होत नाही, पण लिहितो. भांग चढलेल्याला आमच्याकडे चिंचेचं पाणी पाजतात. मी पाजलेल्या माणसांना उठून बसताना पाहिलं आहे. पण ती मोठी माणसं होती, आणि पाणी आपण होऊन गिळत होती. मी चिमाबाईला म्हणालो, "पोरीला नजर लागली असंल, चिंच कोळ." तिनं कोळली. मी मालूचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटीनं तोंडात ओतलं. तिनं गिळलं नाही. घशात गुरगुर झाली आणि मग आवाजच बंद झाला. ओठ जांभळे पडले, मग नखं. चिमाबाई ओरडली, "अवो, निळी पडली! निळी पडली पोर!" मी तिला पालथी धरून पाठीत थापा मारल्या. किती मारल्या ठाऊक नाही. पाणी नाकातोंडातून आलं आणि ती मांजराच्या पिल्लासारखी एकदा रडली. आजवर माझ्या कानांनी पुष्कळ ऐकलं. तेवढं गोड काही ऐकलं नव्हतं, आणि तेवढं भयंकरही.

मग तिला घेऊन डॉक्टरांकडे पळालो. तिथंच येडूरावांनी पाहिलं.

डॉक्टरांनी पापण्या उचलून दिवा धरला. बुबुळं मोठी झालेली. विचारलं, "पडली का? डोक्याला लागलं?" म्हटलं, नाही. "काही खाल्लं का? घरात अफू आहे? धोतऱ्याचं बी? भांग, गांजा? गिरणीच्या बायका पोरं झोपावीत म्हणून काहीबाही देतात, म्हणून विचारतो."

म्हटलं, "आमच्या घरी तसलं काही नाही."

का म्हटलं ते आत्ता विचारू नका.

आत कंपौंडरशी ते हळू बोलत होते. दार लोटलेलं होतं, पण मला ऐकू आलं. मेंदूला सूज असावी म्हणाले. उद्यापर्यंत शुद्ध आली नाही तर मोठ्या दवाखान्यात नेऊन पाठीच्या मणक्यात सुई घालावी लागेल, आतलं पाणी काढून तपासावं लागेल. कंपौंडर म्हणाला, "एवढ्याशा पोरीला?" डॉक्टर म्हणाले, "सूज असेल तर तशीही हातची जाईल."

आज संक्रांत. यात्रेतल्या होमाला माणसं चालली आहेत. रस्त्यात सगळे एकमेकांना गोड बोला म्हणताहेत. शेजारणी तीळगूळ घेऊन येतात, आत डोकावतात आणि वाटी तशीच ठेवून जातात. घरात तिळाचा वास आला की मी वाटी उचलून बाहेर ठेवतो.

दारात टांगा थांबला. घोडं डॉक्टरांचंच आहे.

*

तोच दिवस, दिवेलागण

सुई घातली नाही. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला नको. पण ती उठलेलीही नाही.

सकाळचं पत्र अर्धं टाकून उठलो होतो. आत्ता वाचलं. त्यातही मी खोटं लिहिलं आहे. मरणाच्या दारात बसून माणूस इतकं सफाईनं खोटं लिहू शकतो, हे मला माहीत नव्हतं. धंद्याची सवय, दुसरं काय.

गोळे गुंडानं ठेवले नव्हते. गुंडानं वळलेही नव्हते. मी वळले.

माझ्या अड्ड्याची रीत आहे, भोगीला आधी बैलांचं तोंड गोड करायचं, मग माणसांचं. तीळ-गूळ-बाजरीचे लिंबाएवढे गोळे मी माझ्या हातानं वळतो आणि एकेका बैलाला चारतो. मालूला पाय फुटल्यापासून ती माझ्याबरोबर असते. तिनं बैलाच्या तोंडाशी हात न्यायला भिऊ नये म्हणून मीच तिला खेळ शिकवला होता. एक गोळा बैलाला द्यायचा, मग एक आपण खायचा. म्हणायचं, "बैलाला एक, मला एक." गेल्या भोगीला हा खेळ पाहायला गाडीवान काम सोडून उभे राहिले होते.

यंदा मोगऱ्याचं औषध होतं. तो बैल शहाणा आहे, कडू लागलं की थुंकतो. म्हणून मी शक्कल लढवली. भांगेच्या गोळ्यांत गूळ दुप्पट घातला आणि वरून तिळात घोळवले. बाकीच्या गोळ्यांसारखेच हुबेहूब. गुंडा बघत होता. म्हणाला, "मालक, ह्ये येगळं ठेवा. वळखू यायचं न्हायत."

मी म्हणालो, "मला वळखू येत्यात की. तू बैलं सोड."

इतक्यात फाटकाशी हाक आली. कापसाचा एक व्यापारी होता, यात्रेनंतरचं काम ठरवायचं होतं. ताट मोगऱ्याच्या गव्हाणीवर ठेवून मी गेलो. बोलणं रंगलं. मी बोलण्यात कसा रंगतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि हिंदुराव, बोलता बोलता मला गोठ्यातून तिचा आवाज आला. "बैलाला एक, मला एक." फाटकापासून गोठा केवढा लांब, पण मला स्वच्छ ऐकू आलं. मी व्यापाऱ्याला म्हणालो, "ऐका, आमच्या नातीचा थाट!" तोही हसला. तिनं पुन्हा म्हटलं, "बैलाला एक, मला एक." मी ऐकत होतो. मला कौतुक वाटत होतं.

मी सहा गोळे वळले होते. ताटात दोन उरले होते. ती खेळात लबाडी करत नाही. म्हणजे दोन बैलाला आणि दोन तिला. त्यातला शेवटचा अर्धा तिच्या मुठीत सापडला. तो मी शेणाच्या खड्ड्यात पुरला, कुणाला दिसू नये म्हणून. मूठ उघडून गोळा काढून घेताना ती शुद्धीत नव्हती, तरी बोटं सोडत नव्हती.

आता डॉक्टरांना मी नाही का म्हणालो ते सांगतो. पोलिसांचं भय नव्हतं, भांग सरकारी ठेक्याच्या दुकानातली आहे. भय तुमचं होतं. तुमचं ते दिवाळीचं वाक्य, की हा अड्डा पोरीला वाढवायची जागा नाही. मी मनात म्हटलं, दुपारपर्यंत उतरेल, कुणाला कळणार नाही, रथसप्तमीला जावई येतील तेव्हा पोर अंगणात खेळत असेल. तिचा जीव जातो की काय, याच्या आधी मला ती माझ्या घरातून जाते की काय, याचं भय वाटलं. ही गोष्ट मी कागदावर लिहिली आहे. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आज डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा दिवा धरला, तळव्याला काडीनं खाजवून पाहिलं आणि म्हणाले, "उचला. आता दवाखान्यातच." चिमाबाईनं पोरीला घोंगडीत गुंडाळलं. डॉक्टरांना म्हणाली, "सुई घालताना पाय म्या धरीन. दुसऱ्या कुनाला धरू देऊ नगा." मग खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, मालूशी नाही, बनीशी बोलली. "बने, तुजी पोर म्या सांबाळली न्हाय गं. चुलीपाशी बसले. माजं ध्यान न्हवतं."

ते फक्त मला ऐकू आलं.

मी दारात आडवा झालो. म्हणालो, "डॉक्टर, भांग आहे. बैलाचे गोळे. दीड खाल्ला असेल. मी वळले."

डॉक्टर उभेच राहिले. मग म्हणाले, "काल मी काय विचारलं होतं?"

"भांग आहे का, असं विचारलं होतं."

"आणि तुम्ही?"

"नाही म्हणालो."

"मायाप्पा, मी आज या पोरीच्या पाठीत हातभर सुई घालणार होतो. कशासाठी? तुमच्या अब्रूसाठी?"

चिमाबाईनं घोंगडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आन् नजर लागली म्हनून माज्याकडनं चिंच कोळून घेतलीसा व्हय?"

डॉक्टरांनी चिंचेचं ऐकलं आणि छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकत राहिले. उजव्या बाजूला थोडी घरघर आहे म्हणाले. पाणी आत गेलं असेल तर भांग उतरल्यावरही दोन दिवस धोका आहे. भांगेला उतारा असा नाही. तिला कुशीवर निजवायचं, ऊब द्यायची, तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, आणि श्वास मोजत बसायचं. श्वास मंदावला तर चिमटा काढून, हाका मारून जागं करायचं आणि त्यांना बोलवायचं. टांग्यात चढताना म्हणाले, "कान चांगले आहेत ना तुमचे? मग लावून बसा."

बसलो आहे. श्वास येतो. थांबतो. त्या थांबण्यात मी काय काय बोललो देवाशी, ते लिहीत नाही. मग येतो.

*

१५ जानेवारी, सकाळ

हिंदुराव, मालू बोलली.

उजाडता उजाडता कूस वळली. चिमाबाईचा पदर ओढला. डोळे उघडले, आणि यावेळी भिंतीकडे नाही, आमच्याकडे पाहिलं. म्हणाली, "आज्जे, माजी जीभ वाळली."

चिमाबाईनं तोंडात पदर कोंबला. डॉक्टरांना बोलावणं धाडलं. त्यांनी बसवून चमच्यानं पाणी द्यायला लावलं. तिनं गिळलं. तिचा घसा वरखाली होताना मी पाहत होतो. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "भूक." मऊ भात दिला तर ताटली चाटली आणि आणखी मागितला. उभी राहिली तेव्हा पाय वेडेवाकडे पडत होते. "घर हलतंय का गं?" विचारलं, तर म्हणाली, "घर कशाला हलंल?" तिला काही आठवत नाही.

छातीतली घरघर आहे. खोकते. दोन दिवस जायचे आहेत. प्रत्येक खोकल्याला मी उठून उभा राहतो. चिमाबाई माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण ताट पुढं सरकवते आणि वळते.

*

१९ जानेवारी १९३५

जावईबापू,

संक्रांतीपासूनची ही सगळी पत्रं तुम्हाला एकाच पाकिटात मिळतील. संक्रांतीचं पत्र घेऊन मी टपालपेटीपर्यंत गेलो होतो. पेटीच्या तोंडात पाकीट घातलंही होतं. मग बाहेर ओढलं. मनाशी म्हटलं, पोर पुरती बरी होऊ दे, मग टाकू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, छाती मोकळी होऊ दे. छाती मोकळी झाली. काल डॉक्टरांनी नळी लावली आणि म्हणाले, आता धोका नाही. पत्रं बंडीच्या खिशातच होती.

आणि काल दुपारीच तुमचं पत्र आलं.

चिमाबाईला वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलं आहे, 'येडूराव म्हणाले, मामंजी पोरीला खांद्यावर घेऊन अनवाणी धावत होते, डोक्याला पागोटं नव्हतं, ओळख द्यायचंही भान नव्हतं. साध्या तापाला इतका जीव टाकणारा आजा पाहून मला दिवाळीचं बोलणं आठवलं आणि लाज वाटली. शिवाय प्रभाला दिवस गेले आहेत. मालतीला शाळेच्या वयाची होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवावं असं आम्ही ठरवलं आहे. रथसप्तमीला मी येईन, पण न्यायला नव्हे, भेटायला.'

चिमाबाई चार दिवसांनी माझ्याशी बोलली. "पुन्यांदा वाचा." पुन्हा वाचलं. ती रडली, हसली, देवापुढं साखर ठेवली. मग मी खिशातली पत्रं काढली, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"ती कशापायी?"

"धाडायची आहेत."

"येड लागलं का काय? पोर बरी हाय. जावायानं आपन हून ठेवलीय. आता उकरून काढून काय मिळंल?"

"ठेवली ती पोरीला ताप आला म्हणून धावणाऱ्या आजाकडे, चिमे."

"मग? आजा त्योच हाय की."

"न्हाय. त्याला जो दिसला त्यो न्हाय."

तिनं साखरेचा डबा झाकला. मग म्हणाली, "तुमी खोटं बोललासा तवा मला इचारलं न्हाय. आता खरं बोलताना तरी इचारा. पोर माजी बी हाय." हिंदुराव, ती चूक बोलत नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवा. दोष तिच्यावर ठेवू नका.

आज पहाटेच्या गाडीनं मी मोहोळला गेलो. गुंडाला आणायचा होता. तो दारात दोर वळत बसला होता. मला पाहून उठला, पण रामराम केला नाही. त्याची म्हातारी, बजाबाई, आत होती. आवाज ऐकून बाहेर आली आणि म्हणाली, "का आलासा? आनि काय राह्यलंय? लेकराला विष घातलं म्हनं माज्या लेकानं. पान्याला गेलं तर बाया घागर बाजूला घेत्यात."

गुंडा म्हणाला, "आये, जाऊ दे."

"का जाऊ दे? बोलू दे की मालकास्नी."

मी बोललो. अंगणात शेजारच्या बाया उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल असं बोललो. गोळे मी वळले, ताट मी ठेवलं, गुंडानं मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि आळ त्याच्यावर घातला. बोलून झाल्यावर वाटलं, जीव हलका होईल. झाला नाही. म्हातारीनं त्या बायांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हुबळीच्या जावायाला म्हाईत हाय का ह्ये?"

म्हटलं, "अजून नाही."

"मंग हितं सांगून काय उपेग? आमी गरिबाची मानसं, आमच्याफुडं कुनी बी सांगंल. ज्याच्या लेकीचा जीव चाललावता त्याला सांगा."

गुंडा माझ्याबरोबर आला नाही. म्हणाला, "येईन, मालक. पर आज न्हाय."

माघारी येताना आगगाडीत बसून मी सगळी वाट एकच हिशेब केला. पत्र टाकलं नाही तर काय होईल? काही होणार नाही. मालू आमच्या अंगणात वाढेल. तुम्ही रथसप्तमीला याल, माझ्या पाया पडाल, आणि मी पडू देईन. पत्र टाकलं तर घर रिकामं होईल. चिमाबाई उरलेला जन्म मला ताट पुढं सरकवील. मला भय वाटतं, हिंदुराव. त्या दोन दिवसांत वाटत होतं तसंच भय. फक्त आता पोर बरी आहे आणि भय माझ्यापुरतं उरलं आहे.

पण ती मुलगी तुमची आहे. तिचा श्वास थांबत होता आणि तिचा बाप हुबळीला कचेरीत बसून कागद खरडत होता, त्याला मी ताप म्हणून कळवलं. त्या दोन दिवसांत काही झालं असतं तर मी तुम्हाला 'ताप डोक्यात गेला' असं लिहिलं असतं. मी माझा स्वभाव ओळखून आहे. लिहिलं असतं, आणि तुम्ही मान्य केलं असतं, आणि माझ्या गळ्यात पडून रडला असता. हे मनात आलं की मला बसवत नाही.

म्हणून तुमचं कालचं पत्रही याच पाकिटात परत घालतो आहे. रागावू नका. ते तुम्ही ज्या माणसाला लिहिलं तो मी नव्हे. सगळं वाचून झाल्यावर, शांतपणे, प्रभाबाईंना विचारून, तेच पत्र पुन्हा मला पाठवावंसं वाटलं तर पाठवा. मी ते डोळ्याला लावीन. वाटलं नाही तर रथसप्तमीला या. मालूचे कपडे धुऊन घड्या करून ठेवलेले असतील. मी फाटकाशी आडवा येणार नाही. चिमाबाई आली तर तिला समजावीन.

भांग अड्ड्यातून गेली. पुन्हा येणार नाही. हे मी तुमचं मन वळवावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं त्यासाठीही लिहीत असेन. सवय आहे.

आत चिमाबाई मालूला न्हाऊ घालते आहे. पाणी कढत आहे म्हणून पोर भांडते आहे, आणि म्हातारी म्हणते आहे, "गप, मोटी हुबळीवाली लागून गेली." मी पाकीट आत्ताच चिकटवतो. भांडण मिटलं आणि ती ओल्या केसांनी बाहेर येऊन माझ्या मांडीवर बसली, तर हे पत्र जाणार नाही.

मायाप्पा